दहावीनंतर सुटलेले गणित भौतिकशास्त्रासाठी पुन्हा हाती घेताना

चार ओहम आणि सहा ओहम असे दोन विद्युतरोध समांतर जोडले, तर परिणामी रोध किती होईल? वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी हा प्रश्न सोडवायला घेतला तेव्हा सूत्र पुस्तकात समोरच छापलेले होते. दोन्ही रोधांच्या व्यस्तांची बेरीज करायची आणि जे येईल त्याचा पुन्हा व्यस्त घ्यायचा, एवढेच काम होते. मी १/४ आणि १/६ यांची बेरीज २/१० केली आणि पाच ओहम हे उत्तर लिहून मोकळा झालो. पुस्तकातले उत्तर २.४ ओहम होते. समांतर जोडणीत विजेला जायला आणखी एक वाट मिळते, त्यामुळे परिणामी रोध सर्वांत लहान रोधापेक्षाही कमीच यायला हवा, हे त्याच पानावर मी दहा मिनिटांपूर्वी वाचले होते आणि मला ते समजलेही होते. म्हणजे भौतिकशास्त्र कळले होते, पण अपूर्णांकांची बेरीज विसरल्यामुळे मी त्याच्या अगदी उलट उत्तर काढले होते.

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पुढे वाणिज्य शाखा घेतली आणि नंतरची वीस वर्षे हिशेबाच्या कामात गेली. टक्केवारी, व्याज, ताळेबंद हे सगळे तोंडपाठ असल्यामुळे आपले गणित चांगले आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात हिशेबात सगळे दशांशात चालते, छेद समान करण्याची वेळ वर्षानुवर्षे येत नाही आणि ऋण संख्येला ऋण संख्येने गुणण्याचा प्रसंग तर येतच नाही. ज्यांना खगोलशास्त्राची, विजेची किंवा यंत्रांची ओढ आहे आणि म्हणून जे अकरावीचे भौतिकशास्त्र उघडून बसतात, त्यांच्यापैकी बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात थांबतात आणि ‘हे आपल्या डोक्याचे काम नाही’ असे ठरवून टाकतात. माझ्या अनुभवाप्रमाणे अडथळा बहुतेक वेळा अकरावीत नसतोच. तो सातवी-आठवीच्या एखाद्या धड्यात असतो आणि तो नेमका शोधून काढला की तीन-चार आठवड्यांत दूर होतो. हा लेख त्या शोधाविषयी आणि त्यानंतरच्या क्रमाविषयी आहे.

आधी स्वतःची चाचणी

कोणतेही पुस्तक उघडण्यापूर्वी कोरा कागद घ्यावा आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून पुढील उदाहरणे सोडवावीत. ३/४ मधून ५/६ वजा करा. ऋण तीन कंसात घेऊन त्याचा वर्ग करा, आणि मग तीनच्या वर्गाला ऋण चिन्ह द्या. दोन्ही उत्तरे वेगळी का येतात ते एका वाक्यात लिहा. ताशी ७२ किलोमीटर हा वेग मीटर प्रति सेकंदात लिहा. दहाच्या पाचव्या घाताला दहाच्या उणे तिसऱ्या घाताने भागा. २क + ३ = ५क − ९ यातून ‘क’ काढा. दोन संख्यांची बेरीज १० आणि वजाबाकी ४ असेल, तर त्या संख्या समीकरणे मांडून शोधा. (१, ३) आणि (४, ९) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा. वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या सूत्रावरून त्रिज्येचे सूत्र तयार करा. शेवटी, ज्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण १० आणि एक लघुकोन ३० अंशांचा आहे, त्यात त्या कोनासमोरची बाजू किती हे सांगा.

उत्तरे क्रमाने −१/१२, ९ आणि −९, २०, दहाचा आठवा घात, ४, ७ आणि ३, २, क्षेत्रफळ भागिले पाय (π) याचे वर्गमूळ, आणि ५ अशी येतात. उत्तर बरोबर आले की नाही एवढेच पाहू नये, तर प्रत्येक उदाहरणापुढे तीनपैकी एक खूण करावी: लगेच आले, आठवून आठवून आले, आले नाही. ‘आठवून आठवून आले’ हा गट सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण भौतिकशास्त्राचे उदाहरण सोडवताना मन बल, वेग, दिशा यांच्या विचारात गुंतलेले असते आणि त्याच वेळी अपूर्णांकाचा नियम आठवत बसायला जागा उरत नाही. जे सहज हातातून उतरत नाही ते अजून शिकायचे आहे, असेच धरावे. पहिली अडखळ जिथे आली त्याच्याही एक इयत्ता खालून सुरुवात करावी. मुलांची पुस्तके हातात घेताना थोडा संकोच वाटतो, परंतु सातवीचे पुस्तक प्रौढ माणूस आठ-दहा दिवसांत संपवतो आणि त्या आठ-दहा दिवसांचा उपयोग पुढे वर्षभर होतो.

पुस्तके कोणती, आणि त्यांतले काय वगळावे

बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात आणि छापील प्रतीही स्वस्त असतात. आठवी आणि नववीचे गणित, त्यानंतर दहावीचे भाग १ आणि भाग २, एवढ्या चार-पाच पुस्तकांत भौतिकशास्त्राच्या उंबरठ्यापर्यंत नेणारे सर्व काही आहे. मात्र ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत करायची गरज नाही. दहावीच्या भाग १ मधील दोन चलांतील रेषीय समीकरणे आणि वर्गसमीकरणे ही प्रकरणे कसून करावीत, अर्थनियोजन सोडून द्यावे, संभाव्यता आणि सांख्यिकी पुढे केव्हातरी पाहावी. भाग २ मधील समरूपता, पायथागोरसचा सिद्धांत, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती ही चार प्रकरणे आवश्यक आहेत. भौमितिक रचना नुसत्या वाचल्या तरी चालतील. वर्तुळाच्या प्रकरणातील प्रमेये सुंदर आहेत, पण सुरुवातीच्या भौतिकशास्त्रात त्यांतील स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यातील काटकोनापलीकडे फारसे लागत नाही.

पुढच्या टप्प्यासाठी महाराष्ट्र राज्य मंडळाचे २०१९ चे अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक हाताशी ठेवावे. त्याचे दुसरे प्रकरण गणिती पद्धतींवरच आहे: सदिश, म्हणजे दिशाही असलेल्या राशी (व्हेक्टर), आणि कलनशास्त्र (कॅल्क्युलस) यांची ओळख तिथे भौतिकशास्त्राला लागते तेवढीच करून दिली आहे. पुस्तक इंग्रजीत आहे, ही अडचण खरी आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

अपूर्णांक, ऋण चिन्हे आणि प्रमाण

पहिला महिना इथेच घालवावा. अपूर्णांकांची बेरीज, गुणाकार, भागाकार आणि व्यस्त ही कामे हाताने इतकी करावीत की लसावि काढताना पेन थांबू नये. पण नुसत्या संख्यांवर सराव केला तर कंटाळा येतो, म्हणून प्रत्येक गणिती कौशल्याला त्याच पातळीचा भौतिकशास्त्राचा प्रश्न जोडावा, असा माझा आग्रह आहे. समांतर रोधांची वीस उदाहरणे केली की अपूर्णांकांची बेरीज पक्की होते आणि प्रत्येक उत्तराची तपासणीही आपोआप होते: उत्तर लहान रोधापेक्षा मोठे आले, तर चूक झाली आहे. सारखेच दोन रोध असतील तर उत्तर त्यांच्या निम्मे यायला हवे. बारा आणि सहा ओहमला चार ओहम, वीस आणि तीसला बारा ओहम, अशी उत्तरे येऊ लागली की आपल्याच हाताविषयी विश्वास वाटू लागतो.

ऋण चिन्हांसाठी संख्यारेषा काढून त्यावर विस्थापन मांडावे. उजवीकडे धन, डावीकडे ऋण असे एकदा ठरवले की ‘वेग ऋण आहे’ याचा अर्थ ‘वस्तू डावीकडे चालली आहे’ इतका साधा राहतो. त्वरण ऋण असणे म्हणजे वेग कमी होणे, असे मात्र पाठ करू नये. डावीकडे जाणाऱ्या वस्तूला डावीकडेच त्वरण असेल, तर दोन्ही चिन्हे ऋण असूनही तिची चाल वाढत असते. या एका वाक्यावर अर्धा तास घालवून तीन-चार आकृत्या काढल्या, तर पुढे गतीच्या प्रकरणातील निम्म्या चुका टळतात.

समप्रमाण आणि व्यस्त प्रमाण यांच्याकडे प्रौढ विद्यार्थी सहसा दुर्लक्ष करतात, कारण मजूर आणि दिवस यांची उदाहरणे शाळेत केलेली आठवतात. भौतिकशास्त्रातील प्रमाण अनेकदा वर्गाचे असते. अंतर दुप्पट झाले तर दिव्याचा प्रकाश निम्मा न होता पाव होतो. वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा चौपट होते. प्रत्येक नवे सूत्र दिसताच ‘ही राशी दुप्पट केली तर ती राशी कितीपट होईल?’ असे स्वतःला विचारण्याची सवय याच महिन्यात लावून घ्यावी.

एकके आणि दहाचे घात

हा टप्पा दोन आठवड्यांचा आहे. सूर्याचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे दीड गुणिले दहाचा अकरावा घात इतके मीटर, आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन गुणिले दहाचा आठवा घात इतके मीटर. भागाकार करताना दीड भागिले तीन वेगळे करावे आणि घातांकांची वजाबाकी वेगळी करावी: अर्धा गुणिले हजार, म्हणजे ५०० सेकंद, म्हणजे ८ मिनिटे २० सेकंद. आपल्या डोळ्यांत शिरणारा सूर्यप्रकाश आठ मिनिटांपूर्वी निघालेला असतो, हे वाक्य वर्षानुवर्षे वाचलेले असते; ते स्वतःच्या हाताने अर्ध्या ओळीत काढता आले की घातांकांचे नियम पुन्हा विसरायला होत नाहीत.

एकके प्रत्येक पायरीवर लिहावीत, फक्त उत्तरापुढे नव्हे. मीटरला सेकंदाने भागले की मीटर प्रति सेकंद मिळते, आणि त्याला पुन्हा सेकंदाने भागले की त्वरणाचे एकक मिळते. एकके जणू बीजगणितातील अक्षरेच असल्यासारखी काटता येतात. अंतर विचारले असताना उत्तरात मीटरचा वर्ग उरला, तर आकडा पाहायचीसुद्धा गरज नाही, मागे जाऊन चूक शोधावी.

सूत्र फिरवणे

बीजगणिताचे जे कौशल्य भौतिकशास्त्रात रोज लागते ते म्हणजे दिलेल्या सूत्रातून हवी ती राशी एकटी करणे. गतीचे तिसरे समीकरण घ्या: अंतिम वेगाचा वर्ग = आरंभीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरावर थांबेल हे काढायचे असेल, तर अंतिम वेग शून्य आहे. आरंभीच्या वेगाचा वर्ग दोन्ही बाजूंतून वजा केला की डावीकडे ऋण चिन्हासह तो वर्ग राहतो; मग दोन्ही बाजूंना २ × त्वरण याने भागले की विस्थापन एकटे उरते. शाळेत ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ असे शिकवलेले असते. प्रौढांनी हा शॉर्टकट काही महिने पूर्ण विसरावा आणि दोन्ही बाजूंवर तीच क्रिया केली, असे दर वेळी लिहावे. पलीकडे नेताना कधी चिन्ह बदलते आणि कधी गुणाकाराचा भागाकार होतो याचा गोंधळ त्यानेच मिटतो.

आता आकडे घाला. गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने चालली आहे आणि ब्रेकमुळे तिला सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतके मंदन मिळते, म्हणजे त्वरण −५ आहे. विस्थापन = −१०० ÷ (२ × −५) = १० मीटर. त्वरणाचे ऋण चिन्ह लिहायला विसरलो तर उत्तर −१० येते, म्हणजे ब्रेक दाबल्यावर गाडी मागे गेली असा अर्थ होतो. चिन्ह कुठे सुटले ते लगेच कळते. वेग ताशी ७२ केला तर अंतर ४० मीटर होते. दुप्पट वेगाला चौपट अंतर, हे आकडे घालण्यापूर्वीच सूत्रातल्या वर्गावरून सांगता यायला हवे. म्हणूनच आधी अक्षरांनी सूत्र फिरवावे आणि आकडे शेवटच्या ओळीत घालावेत. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला आकडे लगेच घालण्याची घाई असते, मलाही होती. पण आकडे आधी घातले की कोणती राशी कशावर अवलंबून आहे हे दिसेनासे होते आणि हाती फक्त एक संख्या उरते.

आलेख, आणि दोरीला टांगलेले कुलूप

आलेख वाचणे हे चित्र पाहण्याचे काम आहे असे वाटते, पण ते हाताने काढल्याशिवाय येत नाही. त्यासाठी मी एक प्रयोग सुचवतो, कारण माझ्या सगळ्या अभ्यासात मला सर्वांत जास्त त्यानेच शिकवले. एक जुने पितळी कुलूप बारीक, न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्याला बांधून खिळ्याला टांगावे. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंतची लांबी मोजपट्टीने २५ सेंटीमीटर करावी, कुलूप अगदी थोडे बाजूला नेऊन सोडावे आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वीस पूर्ण दोलनांचा वेळ मोजावा (एकदा जाऊन परत आले की एक दोलन). नंतर लांबी ५०, ७५ आणि १०० सेंटीमीटर करून तेच करावे. एकाऐवजी वीस दोलने मोजण्याचे कारण असे की बटण दाबताना बोट सेकंदाचा दशांश दोन दशांश चुकते आणि ती चूक वीस दोलनांत वाटली गेली की एका दोलनाच्या वाट्याला फार थोडी येते.

वीस दोलनांना अनुक्रमे २०, २८.४, ३४.८ आणि ४० सेकंदांच्या आसपास वेळ मिळायला हवा, म्हणजे आवर्तकाल सुमारे १, १.४२, १.७४ आणि २ सेकंद. आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर आवर्तकाल घेऊन आलेख काढला तर बिंदू वाकत जाणाऱ्या रेषेवर पडतात, आणि वाकड्या रेषेकडे पाहून नियम सांगता येत नाही. आता आवर्तकालांचे वर्ग करा: सुमारे १, २, ३ आणि ४. हे आकडे लांबीपुढे मांडले की बिंदू सरळ रेषेत येतात. स्वतः मोजलेले चार बिंदू पट्टीला चिकटून बसलेले मी पाहिले ती संध्याकाळ मला अजून आठवते. वर्गमूळ ही गोष्ट तोवर माझ्यासाठी पुस्तकातले चिन्ह होती, त्या दिवशी ती खिळ्याला टांगलेली दिसली.

प्रयोग इथे संपत नाही. लंबकाच्या, म्हणजे दोऱ्याला टांगून झुलणाऱ्या वस्तूच्या, सूत्रानुसार आवर्तकालाचा वर्ग = ४ × पायचा वर्ग × लांबी ÷ गुरुत्व त्वरण. म्हणजे आपल्या रेषेचा चढ हा ४ × पायचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरण इतका असणार. ४ × पायचा वर्ग ३९.४८ भरतो. लांबी मीटरमध्ये घेऊन आलेखावरून चढ ४.०३ मिळाला, तर गुरुत्व त्वरण ३९.४८ ÷ ४.०३, म्हणजे सुमारे ९.८ येते. कुलूप, दोरा आणि मोबाइल यांच्या जोरावर पृथ्वीचे गुरुत्व त्वरण घरात मोजून होते आणि त्यात प्रमाण, वर्ग, आलेख, चढ, सूत्र फिरवणे या पाचही गोष्टींची एकत्र उजळणी होते. आपले उत्तर ९.५ किंवा १०.१ आले तर निराश न होता चूक लांबी मोजण्यात आहे की वेळ मोजण्यात, याचा विचार करावा. कुलपाचा मध्य नक्की कुठे धरला, या प्रश्नात बहुधा उत्तर सापडते.

घाटाची चढण: त्रिकोणमिती

त्रिकोणमितीची नित्य समानता असलेली लांबलचक उदाहरणे सुरुवातीला सोडावीत. काटकोन त्रिकोणात साइन, कोसाइन आणि टॅन्जंट म्हणजे कोणत्या दोन बाजूंचे गुणोत्तर, शून्य, ३०, ४५, ६० आणि ९० अंशांच्या किमती, आणि एखाद्या बलाचे दोन काटकोनी घटक कसे करायचे, इतके पुरते.

उदाहरण म्हणून कर्जत ते लोणावळा हा भोर घाटातला रेल्वेमार्ग घेऊ. तेथील सर्वांत तीव्र चढण ३७ ला १ अशी आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर मार्ग १ मीटर वर चढतो. कल्याणहून कसाऱ्यामार्गे इगतपुरीला जाणाऱ्या थळ घाटातही तीच चढण आहे. १/३७ म्हणजे ०.०२७, आणि ज्या कोनाचा टॅन्जंट ०.०२७ आहे तो कोन केवळ दीड अंशाचा भरतो. डोळ्यांना हा उतार जवळजवळ सपाट वाटेल. आता १,००० टन वजनाची गाडी धरा: तिचे वस्तुमान दहाचा सहावा घात किलोग्रॅम, गुरुत्व त्वरण ९.८, आणि उताराच्या दिशेने असलेला घटक काढण्यासाठी साइन ०.०२७. गुणाकार सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन होतो, म्हणजे जवळजवळ २७ टन वजनाइतकी ओढ गाडीला सतत मागे खेचत असते. चढणीला मागून जोर देणारी बँकर इंजिने का लावतात ते या एका ओळीत समजते.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कोन लहान असेल तर साइन, टॅन्जंट आणि रेडियनमध्ये मोजलेला कोन हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश, म्हणून दहा अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, दहा अंशांचा साइन ०.१७३६ आहे. लंबकाचे वर दिलेले सूत्र याच जवळिकीवर उभे आहे, आणि कुलूप अगदी थोडेच बाजूला नेऊन सोडायला सांगितले ते त्याचसाठी.

सदिशांसाठी वेगळा महिना लागत नाही. घटक काढता आले की सदिशांची बेरीज म्हणजे आडवे घटक आडव्यांत आणि उभे उभ्यांत मिळवणे. होडी नदीला काटकोनात सेकंदाला ४ मीटर आणि प्रवाह ३ मीटर असेल, तर काठावरून दिसणारा वेग ५ मीटर आहे, ७ नव्हे. ९ आणि १६ च्या बेरजेचे वर्गमूळ ३ आणि ४ ची बेरीज नसते, ही बीजगणितातील अगदी नेहमीची चूक इथे कायमची दुरुस्त होते. लॉगॅरिदम, ज्याची कल्पना गणितज्ञ जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केली, तोही आठवड्याभरात होतो: गुणाकाराची बेरीज आणि घाताचा गुणाकार करणारे साधन एवढे समजले की पुरे. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही आणि लॉगची सारणी चालते, त्यामुळे ज्यांना परीक्षाही द्यायची आहे त्यांनी सारणी वापरण्याचा सराव वेगळा करावा.

अवकलनाकडे जाताना

इथपर्यंत यायला मला नऊ महिने लागले. यापुढे अवकलन आणि समाकलन, म्हणजे डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन, यांच्या नावानेच धडकी भरते. पाठ करायच्या सूत्रांची यादी बाजूला ठेवून आधी एक भागाकार तीन वेळा करावा. वरून सोडलेली वस्तू पहिल्या काही सेकंदांत ४.९ गुणिले वेळेचा वर्ग इतके मीटर पडते. ती बरोबर एक सेकंद झाला त्या क्षणी किती वेगाने चालली आहे? क्षणाला लांबीच नाही, मग अंतर भागिले वेळ कसे करणार?

एका सेकंदापासून १.१ सेकंदापर्यंतचा सरासरी वेग काढा: १.१ चा वर्ग १.२१, त्यातून १ वजा केला की ०.२१, त्याला ४.९ ने गुणले की १.०२९ मीटर, आणि ०.१ सेकंदाने भागले की १०.२९. आता १ ते १.०१ सेकंद घ्या: उत्तर ९.८४९. मग १ ते १.००१: ९.८०४९. वेळेचा तुकडा जसा लहान होतो तसे उत्तर ९.८ च्या जवळ जाते आणि त्याच्या खाली उतरत नाही. ते ९.८ म्हणजे त्या क्षणाचा वेग. हेच दोन सेकंदांपाशी करून पाहा, १९.६ मिळेल, तीन सेकंदांपाशी २९.४. वेग वेळेच्या ९.८ पट आहे हे स्वतःच्या कागदावर दिसले, की वेळेच्या वर्गाचे अवकलन वेळेच्या दुप्पट का होते हे कोणी सांगावे लागत नाही. त्यानंतरच नियम शिकावेत आणि सुरुवातीला घात, साइन, कोसाइन आणि घातांकी फल (एक्स्पोनेन्शियल फंक्शन) यांपुरतेच ठेवावेत.

समाकलनासाठी वेग आणि वेळ यांचा आलेख चौकटीच्या कागदावर काढून रेषेखालच्या चौकटी मोजाव्यात. वरच्याच उदाहरणात तीन सेकंदांपर्यंत रेषेखाली त्रिकोण तयार होतो: पाया ३, उंची २९.४, क्षेत्रफळ ४४.१. आणि ४.९ गुणिले ९ हेही ४४.१ च आहे.

शब्दांची वही

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी हा भाग गणिताइतकाच महत्त्वाचा आहे. दहावीपर्यंत आपण चल, सहगुणक, छेद, चढ, विस्थापन, त्वरण हे शब्द शिकलो आणि अकरावीचे पुस्तक व्हेरिएबल, कोएफिशंट, डिनॉमिनेटर, स्लोप, डिस्प्लेसमेंट, अॅक्सिलरेशन म्हणते. अनेकांना न समजलेले गणित खरे तर न ओळखलेला शब्द असतो. एक वही करून डावीकडे इंग्रजी शब्द, मधे मराठी शब्द आणि उजवीकडे स्वतःच्या भाषेतले एक वाक्य असे तीन रकाने भरत जावे. उजवा रकाना कधीही रिकामा ठेवू नये.

बोलीभाषा जिथे शास्त्राशी भांडते तिथे विशेष सावध राहावे. भाजीच्या तराजूवर आपण ज्याला वजन म्हणतो ते शास्त्रात वस्तुमान आहे. वजन हे बल असते आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. ताकद, जोर, शक्ती हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी चालतात, पण बल, ऊर्जा आणि शक्ती या तीन स्वतंत्र राशी आहेत आणि त्यांची एककेही तीन वेगळी आहेत. चाल आणि वेग यांत दिशेचा फरक आहे. सूत्र वाचतानासुद्धा ते पूर्ण मराठी वाक्य म्हणून मोठ्याने वाचावे: ‘वस्तूवर लागलेले एकूण बल हे तिच्या वस्तुमानाच्या आणि त्वरणाच्या गुणाकाराइतके असते.’ ज्या सूत्राचे वाक्य करता येत नाही ते अजून समजलेले नाही.

रोजचा वेळ

नोकरी आणि घर सांभाळून रोज ४५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असा वेळ निघतो. रविवारी चार तास बसण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. पहिली दहा मिनिटे कालचेच एक उदाहरण वही न पाहता पुन्हा सोडवावे, पुढची तीस मिनिटे नवे काम करावे आणि शेवटच्या पाच मिनिटांत आजच्या चुका वेगळ्या वहीत लिहाव्यात: चूक काय झाली, का झाली, आणि ती कोणत्या तपासणीने पकडता आली असती. माझ्या त्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक नोंदी ऋण चिन्हाच्या होत्या, म्हणून मी पुन्हा आठवड्याभरासाठी आठवीच्या पुस्तकाकडे गेलो.

व्हिडिओ पाहायचे असतील तर उदाहरणाशी किमान पंधरा मिनिटे स्वतः झगडल्यावर पाहावेत. पाहताना सर्व समजल्यासारखे वाटते, आणि थोड्या वेळाने कोऱ्या कागदावर तेच उदाहरण सुटत नाही. संगणकाला किंवा मोबाइलला उत्तर विचारायचे झाल्यास आपली पूर्ण सोडवणूक आधी लिहून ‘यात पहिली चूक कोणत्या ओळीत आहे?’ एवढेच विचारावे. घरात दहावीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याच टेबलावर बसावे. माझी पुतणी त्या वर्षी दहावीत होती. समरूप त्रिकोणांची प्रकरणे आम्ही दोघांनी एकत्र केली आणि तिला समजावून सांगताना मला माझ्याच समजुतीतील तीन भोके सापडली.

सहाव्या महिन्यापासून गणिताच्या बरोबरीने भौतिकशास्त्राचे पुस्तकही सुरू करावे, पूर्ण तयारी होण्याची वाट पाहू नये. सरळ रेषेतील गतीला सूत्र फिरवणे आणि आलेख पुरतात, प्रतलातील गतीला आणि न्यूटनच्या नियमांना त्रिकोणमिती आणि सदिश लागतात, कार्य आणि ऊर्जेला थोडे समाकलन. आठवड्याचे तीन दिवस भौतिकशास्त्र आणि दोन दिवस गणित, असा वाटा मी ठेवला आणि आजही तोच चालू आहे. एखाद्या प्रकरणात सलग तीन उदाहरणे गणितामुळे अडली तर त्या आठवड्याचे पाचही दिवस गणिताला द्यावेत आणि मग त्याच तीन उदाहरणांपासून पुन्हा सुरुवात करावी.